शनिवारच्या गोळ्या

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाली करणारे एक माथाडी दादा चार वर्षांपासून आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, येतात. पाळी उतरली की थेट इकडेच, खांद्यावर रुमाल, अंगाला गोणपाटाचा वास. बाटली टेबलावर ठेवायची, उरलेल्या गोळ्या मी मोजायच्या, हिशेब दर वेळी चोख. तरी या खेपेला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आला ४,३००. हजाराच्या वर गेला की एकच शोधायचं असतं: गोळी पोटात जात नाही, की जाऊनही लागू पडत नाही?

"गोळी चुकते का?"

"न्हाई."

"दारू?"

"न्हाई, म्याडम."

केंद्रात राहणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या कार्डावर चार वर्षं हेच लिहिलंय, "दारू : नाही", माझ्याच अक्षरात. खरं तर मी ते कधी नीट विचारलंच नव्हतं. बाहेर तीस-चाळीस जणांची रांग, दार अर्धवट उघडं, आणि माझा सूरच असा की समोरच्यानं 'नाही' म्हणून मोकळं व्हावं.

त्या दिवशी दार लावून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती ड्रॉवरमधून काढली. तिच्यात 'पिता का' असं विचारतच नाहीत, 'किती वेळा' इथूनच सुरुवात. मी म्हटलं, "दादा, दिवसभर गोण्या उचलून अंग मोडून जातं. बरेच जण घेतात. तुमची आठवड्यातनं किती वेळा होते?"

ते रुमालाची टोकं पिळत बसले. मग म्हणाले, "शनवार, रैवार. एकेक क्वार्टर."

क्वार्टर म्हटलं की थोडीच वाटते. पण प्रश्नावलीच्या मापानं १८० मिली म्हणजे जवळपास सहा मापं, आणि एका बैठकीत सहा मापं होतात का, हा तिच्यात वेगळा प्रश्नच आहे. गुण १४ झाले. ८ पासून पुढे धोक्याचं पिणं धरतात.

पुढचा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. "त्या रात्री गोळीचं काय करता?"

त्यांनी खिशातून कांद्याच्या गोणीच्या लाल जाळीचा तुकडा काढला. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या आठ गोळ्या. "तुमी मोजता, म्हनून ह्या बाजूला काढून ठेवतो. दारूवर गोळी घेतली तर ईष व्हतं. तुमीच म्हनला हुता न्हवं?"

म्हटलं होतं. त्यांचं हिरवं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात होतं, "दारू आणि गोळी एकत्र नको." मला म्हणायचं होतं, दारू सोडा. त्यांनी दोन्हींतली गोळी सोडली, तीही माझा शब्द पाळायचा म्हणून. महिन्यातले आठ दिवस विषाणूला रान मोकळं.

मी ती ओळ त्यांच्यासमोर खोडली. सांगितलं, "दादा, चूक माझी. दारूमुळे या गोळीचं विष होत नाही. यकृताचं नुकसान होतं, गोळी विसरायला होते, म्हणून दारू कमी करायचीच. पण प्यायलात तरी गोळी घ्यायची. जमलं तर शनिवारी बसायच्या आधीच घ्या."

"आदी घिटली तर चालंल?"

"चालेल."

"मंग सोपं हाय की." ते पहिल्यांदाच हसले. मला मात्र आत काहीतरी टोचत राहिलं. किती जणांच्या पुस्तकात मी ती ओळ लिहिली असेल? त्या संध्याकाळी उशिरापर्यंत बसून कार्डं काढली. व्हायरल लोड वाढलेले अकरा जण निघाले, आणि सगळ्यांच्या कार्डावर दारू 'नाही'.

पुढच्या महिन्यात दादा आले, गोळ्या खरोखर संपवून. दारू एक क्वार्टरवरून नव्वदवर आलीय, सुटलेली नाही. मानसोपचार तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिलीय, एकदा जाऊन आले. व्हायरल लोडसाठी तिसऱ्या महिन्याचं रक्त परवा तपासणीला गेलं. रिपोर्ट अजून यायचाय, आणि कालपासून त्यांचा दोनदा फोन येऊन गेलाय.