मेमोरियल डेच्या सेलमधला कोळसा: माझा अनुभव

अमेरिकेत ग्रिलचा कोळसा स्वस्तात मिळण्याचे मोके ठरलेले आहेत: मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, 4 जुलै आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे. मी पूर्ण उन्हाळ्याचा कोळसा मेमध्येच भरून ठेवतो.

किती घ्यायचा, याचा हिशोब चिमणीवरून करा. चिमणी म्हणजे कोळसा पेटवायचं पत्र्याचं उभं नळकांडं. 22 इंची केटल ग्रिलबरोबर (झाकणाचा गोल ग्रिल) वापरतात त्या मोठ्या चिमणी स्टार्टरमध्ये साधारण 100 ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) बसतात, म्हणजे जवळपास 5 पौंड. 20 पौंडांची पिशवी चार चिमण्या भरते. मेमोरियल डे ते लेबर डे अशा पंधराएक शनिवार-रविवारी दर वेळी एक पूर्ण चिमणी पेटवली तर 75 पौंड लागतात. सेलमध्ये पिशव्या जोडीने विकतात, म्हणजे 20-20 पौंडांच्या दोन जोड्या पुष्कळ झाल्या. चार माणसांपुरतं भाजायचं असेल तर अर्धी-पाऊण चिमणीही चालते.

पाटीवरची किंमत बघून भुलू नका, पौंडाचा भाव काढा. पिशव्या 12, 16, 20 अशा वेगवेगळ्या वजनांच्या असतात आणि लांबून सारख्याच दिसतात. समजा 16-16 पौंडांची जोडी 18 डॉलरला आहे आणि 20-20 पौंडांची 20 डॉलरला. पहिलीत पौंडाला 56 सेंट पडतात, दुसरीत 50. किंग्जफर्ड या कंपनीची निळी पिशवी साध्या ब्रिकेटची, लाल पिशवी मॅच लाइटची. मॅच लाइटमध्ये पेटवायचं तेल आधीच मुरवलेलं असतं. पिशवी उघडी राहिली की ते उडून जातं, त्यामुळे साठवायला हा कोळसा कामाचा नाही. तेलाचा वास वांग्यात उतरतो, म्हणून भरितासाठी तर मी तो घेतच नाही.

दुकानात थप्पीतली पिशवी हातात घेऊन बघा. बऱ्याच ठिकाणी हा माल बाहेर, गार्डन विभागाच्या कुंपणाशी लाकडी पॅलेटवर रचलेला असतो. खालच्या थरातल्या पिशव्या ओल धरतात. बुडाचा कागद मऊ किंवा सुरकुतलेला लागला तर ती पिशवी ठेवून द्या. मग पिशवी हलवा: चांगल्या कोळशाचा खडखडाट येतो, चुरा झालेल्याचा वाळूसारखा सरसर आवाज येतो. ब्रिकेट स्टार्चने बांधलेले असतात. ओल लागली की ते फुगतात, भेगाळतात आणि बोटाने दाबले तरी फुटतात. चिमणीत हाच चुरा खालच्या जाळीवर बसतो, हवा कोंडते, आणि अर्धा तास झाला तरी निखारा फुलत नाही, नुसता पिवळसर धूर निघत राहतो.

घरी आणल्यावर पिशवी गॅरेजच्या सिमेंटवर ठेवू नका, खाली फळी घाला. मी उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ओततो. किंचित दमट झालेला कोळसा दिवसभर कडक उन्हात पसरला की बहुतेक वेळा सुधारतो. फुटायला लागलेला मात्र सुधारत नाही.

पेटवायला लायटर फ्लुइड (पेटवायचं तेल) लागत नाही. चिमणीखाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैलसर चुरगळा. घट्ट बोळा केला तर तो धुमसून विझतो. 15 ते 20 मिनिटांत वरच्या ब्रिकेटच्या कडा राखाडी होतात, तेव्हा ओता. त्याआधी ओतलात तर कच्च्या कोळशाचा धूर खाण्याला लागतो. सगळे निखारे ग्रिलच्या एकाच बाजूला लावा, दुसरी रिकामी ठेवा. खालची झडप पूर्ण उघडी हवी.

भरिताचं वांगं इथे पौंडभराचं मिळतं. त्याला तेल चोळा, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा आणि थेट निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवा. दर पाच मिनिटांनी फिरवा. साल काळं पडून सुटायला लागलं तरी देठाजवळ दाबून बघा. तिथे कडक असेल तर रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावा. आतला गर दहा मिनिटांत लोण्यासारखा होतो. एका चिमणीवर अशी तीन-चार वांगी आणि त्यामागून मक्याची कणसं आरामात होतात.

भाजून झालं की वरची आणि खालची झडप बंद करा. हवा तुटली की निखारे विझतात आणि अर्धवट जळलेले ब्रिकेट शिल्लक राहतात. पुढच्या वेळी राख झटकून ते नव्या कोळशात मिसळा. माझी दर खेपेला पाव चिमणी तरी वाचते. पाणी ओतून विझवलेत तर हा कोळसा वाया जातो, वर राखेचा चिखल झडपांत अडकतो.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, लाकडी डेकपासून लांब, दोन दिवस तरी राहू द्या. वरून गार दिसली तरी आत निखारा जिवंत असतो. धुमसता ग्रिल गॅरेजमध्ये ओढू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि ही राख कढीपत्त्याच्या कुंडीत घालू नका. चुलीतल्या लाकडाच्या राखेसारखी ती नुसती राख नसते: ब्रिकेटमध्ये चुनखडी, बोरॅक्स, काहींत दगडी कोळसाही मिसळलेला असतो.