आधी तिथी, मग गाव

"एखाद्या भागातलं खरं, घरचं जेवण जेवायचं असेल तर कुठे जायचं? चांगली ठिकाणं सांगा ना." मी सतत फिरत असते हे ठाऊक असलेली माणसं मला हे हमखास विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, लोकलच्या डब्यात विचारतात. हातात फोन तयार असतो, नावं टिपून घ्यायची असतात. मी मात्र उलट विचारते, "कधी जाणार आहात?" त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, मी उत्तर टाळते आहे असं वाटतं. पण माझं उत्तर तेच आहे. आज ते नीट मांडते.

माझा प्रवास नकाशावरून ठरत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरतो. आपल्याकडचा पदार्थ जितका एखाद्या गावाचा असतो, तितकाच तो एखाद्या पंधरवड्याचा असतो. त्या दिवशी रानात काय उभं आहे, घरच्या देवाला काय लागतं आणि पंगतीला कोण बसणार आहे, यावर ताट ठरतं. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात असे दिवस वर्षात मोजकेच. त्या दिवशी गेलात तर ठिकाण शोधावं लागत नाही. चुकीच्या महिन्यात गेलात तर कितीही नावाजलेल्या खाणावळीत बसा, हाती लागते ती नुसती चव. पदार्थ भेटत नाही.

लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या घ्या. तिकडची माणसं तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातली ही अमावास्या, त्यामुळे इंग्रजी तारखेनं कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. २०२४ साली तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्या दिवशी लातूर शहरात जेवायची जागा शोधत फिरलात तर पंचाईत होईल. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ बंद असते, भर दुपारी रस्ते ओस पडलेले दिसतात. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं दिवाळीला नाही आली तरी या दिवशी येतात. आणि सगळं शहर सकाळपासून शिवारात असतं.

शिवारात काय दिसतं ते सांगते. शाळू (रब्बीची ज्वारी) अंगाला लागलेला, तुरीच्या शेंगा भरलेल्या, हरभरा घाट्यावर आलेला, मध्ये कुठे करडईचा आणि जवसाचा पट्टा. शेताच्या एका कडेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केलेली असते. खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा होते, नैवेद्य होतो, मग आंबील आणि नैवेद्य पिकातून शिंपडत घरातला कर्ता माणूस शेताला फेरी घालतो, आरोळी देत. मागे पोरं असतात, तीही ओरडत असतात. ही फेरी पूर्ण झाल्याशिवाय पंगत बसत नाही.

आणि पंगतीत मुख्य मान भज्जीचा. ही तळलेली भजी नव्हेत, पातेलंभर शिजवलेली घट्टसर भाजी आहे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे आधी शिजवतात. मेथी, पालक, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, घरोघरी यादी थोडी निराळी. वर चिंचेचा कोळ किंवा आंबट ताक, त्यात कालवलेलं डाळीचं पीठ, लसूण आणि हिरवी मिरची सढळ हातानं. जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आणि मातीच्या भांड्यातली थंडगार आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली, लसूण-जिरं लावलेली. हे रांधायला बाया आदल्या रात्री जवळजवळ झोपत नाहीत. पहाटे चूल थंडावते तेव्हा टोपल्या भरलेल्या असतात.

भज्जी मी एकदा मुंबईत, माझ्याच स्वयंपाकघरात, सगळं साहित्य जमवून करून पाहिली. चवीला छान झाली. पण तिचं मर्म वेगळं आहे. या पदार्थात ते शेतच्या शेत मोजून ठेवलेलं आहे. तूर, वाल, हरभरा, वाटाणा हे सगळे एकाच वेळी ओले, हिरवे असतात असे दिवस थोडेच. त्याआधी दाणा भरलेला नसतो, त्यानंतर हरभरा कडक व्हायला लागतो. वर्षभराच्या कष्टातून रानात काय काय आलं आहे, ते त्या एका पातेल्यात दिसतं. म्हणून कुणी मला उन्हाळ्यात "लातूरला चाललोय, भज्जी कुठे मिळेल?" विचारलं की मी सांगते, आत्ता नाही मिळणार, आणि मिळाली तरी खाऊ नका.

हा सण महाराष्ट्रापुरता नाही, हेही तिथे गेल्यावरच नीट कळतं. बिदर, कलबुर्गीकडची कानडी माणसंही याच अमावास्येला शेतात जातात, त्यांच्याही जेवणात भज्जी असते. यात नवल काही नाही. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली तोवर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्यांची रेघ नंतर पडली, काळी माती आणि शाळू आधीपासून एकच. एखाद्या भागाचं जेवण समजून घ्यायचं तर आजचे जिल्हे थोडे विसरावे लागतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता याच्याच पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न: ओळख नसताना कुणाच्या पंगतीला कसं बसायचं? येळवशीला हा प्रश्नच उरत नाही. शेत नसलेल्यांना शेत असलेले बोलावतात, ही तिथली रीत आहे. मी औशाच्या बाजूला रस्त्याकडेला गाडी थांबवून नुसती बघत उभी होते, तर आतून एक बाई हात करत म्हणाल्या, "कुठं चाललाव ताई? या की, येळवस हाय." नाव-गाव नंतर विचारलं, आधी पत्रावळ मांडली. मी तिथे अनोळखी होते याचा त्यांना त्रास तर झाला नाहीच, उलट पंगतीला जास्तीचं माणूस आलं याचा त्यांना आनंद होता. अन्न अनोळखी माणसासोबत वाटल्याशिवाय पूर्ण होत नाही असे आपले कितीतरी दिवस आहेत. प्रवाशानं ते दिवस हुडकावेत. हॉटेलचे तारे कशाला मोजायचे?

कोकण-गोव्याला जायचं तर हीच गोष्ट हळदीच्या पानांची. श्रावण-भाद्रपदात हळद जोमात असते, तिची पानं तळहाताहून कितीतरी मोठी होतात. त्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यात गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून वाफवलेलं. कोकणात नागपंचमीला पातोळ्या होतात. गोव्यात हिंदू घरांत श्रावणातल्या आणि चवथीच्या दिवसांत होतात, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, फेस्ताला. धर्म निराळे, प्रार्थना निराळ्या, पण पान एकाच पावसात वाढलेलं. झाकण उघडल्यावर येणारा तो वास दोन्ही घरांत सारखाच. याच दिवसांत कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण किंवा चिंबोऱ्या. गणपतीत कोकण शाकाहारी असतं असं समजून गेलेल्या देशावरच्या पाहुण्यांना ते पाहून धक्का बसतो. मला त्यात फार आपलेपणा वाटतो. माहेरवाशीण घरी आली आहे, तिला तिच्या आवडीचं करून वाढायचं, एवढं सरळ आहे ते.

लांब जायला जमत नसेल त्यांनी जूनमध्ये शेवळं खावीत. पहिल्या पावसाबरोबर ठाणे, पालघर, रायगडच्या रानात ही जांभळट कोंबं वर येतात आणि काही आठवड्यांत संपतात. ठाकूर, कातकरी, वारली बायका कर्जत, पनवेल, कल्याणच्या बाजारात त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडं नावाची छोटी हिरवी फळंही असतात. ती घ्यायलाच हवीत. शेवळांना खाज असते, काकडांच्या आंबटपणानं ती मरते. कशी करायची ते विकणारीलाच विचारा, तिच्यासमोर थोडं बसा. या भाज्यांच्या नावाने हल्ली महोत्सव होतात, ताटं सजतात, ते चांगलंच आहे. पण जिच्या पायांनी ते रान तुडवलं तिच्या हाती पूर्ण भाव पडला पाहिजे. तिथे घासाघीस करू नये, असं मी सोबतच्या प्रत्येकाला सांगते.

हुरड्याबद्दल थोडक्यात, कारण त्याच्या मी फार वाईट सहली पाहिल्या आहेत. ज्वारीचा दाणा चिकात असतो तेवढे दिवसच हुरडा. सुरती, गूळभेंडी असे त्यासाठीचे वाण वेगळे पेरतात. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस भाजायचं, हातावर चोळायचं, फुंकर मारून गरम गरम तोंडात टाकायचं, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. या सगळ्याला शांतता लागते. मोठ्यानं गाणी लावून, पत्र्याच्या शेडखाली प्लेटमध्ये वाढलेला गार हुरडा खायला सोलापूरपर्यंत जाऊ नये. एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर चार माणसं बसा, त्याला त्याचे पैसे द्या, आणि कणसं भाजणाऱ्याला बोलू द्या.

खानदेशाचं भरीत बहुतेकांना ठाऊक आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. थंडीत तिकडे मळ्यात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर ती हिरवी, लांबट वांगी भाजतात, लाकडी बडगीत मिरचीसह ठेचतात आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर वाढतात. भरिताच्या पंगतीला कुणीही बसू शकतं. पण खानदेशातलाच दुसरा सण मुद्दाम सांगायचा आहे, कारण प्रवासाबद्दल सर्वांत जास्त मी त्याच्याकडून शिकले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात. कुठे कुठे गेलेले भाऊबंद मूळ घरी जमतात. घराण्याच्या हिशेबानं गहू दळून नैवेद्याचे रोट होतात, आणि हे रोट त्या घराण्याचेच. बाहेरच्यानं खायचे नसतात. धुळ्याकडच्या ज्या घरी मी गेले होते तिथल्या आजींनी मला ते आधीच, अगदी मायेनं समजावून सांगितलं. मला पुरणपोळी वाढली, खीर वाढली, गंगाफळाची भाजी वाढली, पुन्हा पुन्हा आग्रह केला. रोट मात्र नाही.

मला ते फार आवडलं. मी वाट वाकडी करून गेले, मनापासून रस घेतला, म्हणून सगळं माझ्या ताटात यायलाच हवं असा कुणी नियम केलेला नाही. काही अन्न रक्ताच्या नात्याला बांधलेलं असतं, आणि ते तसं असल्यामुळेच शंभर ठिकाणी पांगलेलं घराणं वर्षातून एकदा एका छपराखाली येतं. हल्ली फिरणारे लोक अशा वेळी हट्ट धरतात, "थोडंसं चाखू द्या, फोटो तरी काढू द्या." तो हट्ट करू नये. काय खाल्लं हे जसं आपण सांगतो, तसं काय खाल्लं नाही आणि का, हेही सांगावं.

तेव्हा तुम्ही खानदेशात जाणार असाल तर कानबाईचा रविवार गाठा आणि सोमवारीही राहा. सोमवारी देवीला वाजतगाजत नदीवर पोहोचवतात, गल्लीगल्लीतून कानबाया निघतात, बाया फुगड्या घालतात, नऊवारीतल्या आज्याही मागे नसतात. त्यात आपला-परका नसतो. काल रोटाच्या वेळी मला बाजूला बसवणाऱ्या त्याच आजींनी भर रस्त्यात माझे दोन्ही हात धरले आणि फुगडीला ओढलं.