करंज तेल, धूर आणि एम.टेक.चा प्रकल्प: माझा अनुभव

सोलापुरात एम.टेक. करताना प्रकल्पासाठी मी करंज तेलाचं बायोडिझेल घेतलं. गाईड सरांनी आधीच बजावलं, "तेल नीट झाल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही."

घाण्यावरचं करंज तेल दाट, तांबूस, उग्र वासाचं. त्यात आम्लं जास्त, त्यामुळे थेट अल्कली घातलं की साबण होतो. म्हणून आधी मिथेनॉल आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून आम्लता उतरवायची, मग मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे अल्कली घालायचं. तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ विषारी. मिश्रण रात्रभर फनेलमध्ये ठेवलं की तळाशी काळपट ग्लिसरीन, वर सोनेरी बायोडिझेल आणि मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मैत्रिणींना हाका मारून दाखवली! पुढे कोमट पाण्यानं धुणं. पाणी नितळ येईपर्यंत सुटका नाही.

चाचणी एका सिलिंडरच्या, ५.२ किलोवॅट, १५०० आरपीएमच्या डिझेल इंजिनावर. उन्हाळ्यात दुपारची हवा तापून विरळ होते, म्हणून सगळी रिडिंग सकाळी घ्यायची. लॅबचे मामा नुसत्या आवाजावरून सांगायचे, "थांबा मॅडम, अजून बसलं नाही." मीटर बघावं तर आकडे खरंच हलत असायचे.

डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर धूर उतरला, कारण बायोडिझेलमध्ये वजनानं ११ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो. उष्मांक कमी, म्हणून इंधन थोडं जास्त लागलं. पण नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू वाढले, आणि खरी लढाई तिथेच होती. डिझेल मोटारींसाठी त्यांची मर्यादा बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे वाहनांच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) मध्ये किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ८० झाली. नुसता धूर मोजून इंधनाला स्वच्छ म्हणणं मला पटत नाही.

मग एक्झॉस्टचा थोडा वायू थंड करून परत आत सोडला. ऑक्सिजन घटतो, ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. पण धूर पुन्हा डोकं वर काढतो. दोन्ही आवाक्यात राहतील असं प्रमाण शोधण्यात सत्राचा मोठा भाग गेला.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "शेतकऱ्याच्या पंपाला चालेल?" मी म्हटलं, "मिश्रण चालेल सर, पण जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि बायोडिझेल फार दिवस साठवता येत नाही, हवा लागून खराब होतं." हे साठवणुकीचं काम आता धाकट्या बॅचची मुलगी करतेय, उरलेल्या बाटल्या तारखा लिहून तिच्याकडे दिल्यात.