अळीच्या नावाचा हॉल

गेल्या शनिवारी इथे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या चिंचिलाजवळ नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला एक साधासा हॉल, आपल्या झेडपीच्या शाळेएवढा. पाटीवर लिहिलेलं: कॅक्टोब्लास्टिस मेमोरियल हॉल. हे कुणा गोऱ्या साहेबाचं नाव नव्हे. ही अळी आहे. पतंगाची अळी!

इतकी वर्षं कीटकशास्त्रात काढली, हे नाव किती वेळा लिहिलं असेल, पण गावच्या पाटीवर ते बघून घशाशी काहीतरी आलं. नवरा गाडीतूनच म्हणाला, फोटो काढ आणि चल, ऊन आहे.

आपल्या बांधावरच्या फड्या निवडुंगाच्या भाऊबंदांनी १९२० च्या दशकात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधली सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन गिळली होती. माणसं शेतं टाकून निघून गेली. १९२५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनाहून या पतंगाची जेमतेम तीन हजार अंडी आणली. मादी एकावर एक अंडं चिकटवत जाते आणि त्यांची जी काडी तयार होते ती थेट निवडुंगाच्या काट्यासारखी दिसते. अळ्या निघाल्या की फड्यात शिरून आतून पोखरतात. मग अब्जावधी अंडी वाढवली आणि कागदांवरून शेतकऱ्यांना वाटली. म्हणजे मित्रकीटक असलेली अंडी चिकटवलेलं आपलं ट्रायकोकार्डच की! सात-आठ वर्षांत रान मोकळं झालं. १९३६ मध्ये इथल्या बूनार्गाच्या लोकांनी गावासाठी हॉल बांधला आणि नाव दिलं अळीचं. आपण बेंदराला बैल पुजतो, पंचमीला नाग पुजतो. अळी दिसली की मात्र पंप पाठीला.

लगेच माझ्यातली सांगलीकरीण जागी झाली. नवऱ्याला सांगितलं, किड्याकडून निवडुंग संपवण्याचा प्रकार भारतात १७९५ मध्येच झालाय, आणि १९१२ मध्ये याच क्वीन्सलँडचे दोन संशोधक निवडुंगाचे शत्रू शोधायला निघाले तेव्हा भारतातही येऊन गेले. कंपनी सरकारला खरं तर लाल रंग देणारा किडा हवा होता, ब्राझीलहून भलताच आला आणि त्याने निवडुंग खाऊन टाकला, एवढा तपशील सांगायचं मी टाळलं.

आमच्याकडे २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी बारावीत होते. पानांच्या खाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखं, वरून पानं काळी. उंच झालेल्या फडात शिरून फवारणार कोण? आप्पा दोन फवारण्यांत दमले. पुढे कळलं की डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचा कीटक लोकरी मावा खातात. मग ज्याच्या फडात त्या दिसतील त्याच्याकडून पानांचे तुकडे पिशवीत भरून आणायचे आणि आपल्या उसात अडकवायचे. ती पिशवी सायकलला अडकवून आणायचं काम माझं. बायोडेटात हे लिहिता येत नाही.

आता माझं काम क्वारंटाइन प्रयोगशाळेत, दोन दारांच्या आड चालतं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधली खोली अंधारी, तिथे एकच दिवा. कपड्यांवर बसून आलेली माशी उजेडाकडे जावी म्हणून. कोट आत, वही आत, पेन आत. एकदा लग्नातलं मंगळसूत्रही बाहेर काढून ठेवायला लावलं, मण्यांच्या फटीत माशी बसेल म्हणे! मिलिमीटरभर लांबीची, किडीवर सोडायला बाहेरून आणलेली माझी परोपजीवी माशी दुसरं वर्ष तिथेच आहे. ती इथल्या निरुपद्रवी किड्यांवर अंडी घालते का ते तपासायचं, आणि तपासायच्या किड्यांची यादी दर मीटिंगला दोन-चार नावांनी वाढते. आपल्याकडे पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि २०१० मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी पोर्तो रिकोच्या माश्या आणून सोडल्यासुद्धा. कीड आटोक्यात आली. हे मी इथे प्रत्येकाला ऐकवलंय.

साहेब ऐकून घेतात आणि एकच शब्द बोलतात: टोड. १९३५ मध्ये उसातल्या हुमणीचे भुंगेरे खातील म्हणून हवाईहून शंभरएक बेडूक आणले, उत्तरेत गॉर्डनव्हेलला सोडले. भुंगेरे वर उसाच्या पानांवर, बेडूक खाली जमिनीवर. बेडूक विषारी, पसरतच गेले. आणि हॉलवाली अळीसुद्धा १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडली, ती १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडली. पलीकडे मेक्सिको, जिथे निवडुंगाची शेती होते, भाजी होते. तिथे हिच्या नावाचा हॉल कुणी बांधणार नाही.

राहुरीची मैत्रीण विचारते, परत कधी? परवान्यावर माझं नाव आहे, माश्या टाकून येऊ कशी? हे मी तिला तीन वर्षं सांगतेय. पहिल्या वर्षी माश्या आल्याही नव्हत्या.

संध्याकाळी आप्पांना हॉलचा फोटो पाठवला. लगेच फोन.

‘‘कुठल्या आमदाराच्या फंडातनं बांधला?’’

‘‘गावानंच बांधला, आप्पा.’’

‘‘बरं. आपल्या खालच्या रानात यंदा हुमणी लागलीया. तुझी माशी चालंल का?’’

‘‘नाही ओ आप्पा, ती वेगळ्या किडीवरची आहे.’’

‘‘मग तीन वर्सं तिथं करतीस काय?’’

‘‘टेस्टिंग,’’ मी म्हटलं.