थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतरचं काम

मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून गाडी चालवणं होत नाही. पारा ४५ च्या आसपास, व्हरायटी चौकात लाल सिग्नल, एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आमच्या गाडीचं इंजिन थरथरायचं आणि आरपीएमची सुई ६०० च्या खाली यायची. वर्धा रोडवर ८० च्या वेगात मात्र गाडी एकदम छान. या फरकावरूनच मला थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, संशय आला.

इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, ओढली जाते. ती बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटल बॉडीतल्या गोल झडपेच्या, कडेला काजळीसारखी चिकटते. वेगात बटरफ्लाय बरीच उघडी असते, तिथे पातळ थराने काही बिघडत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, ती जेमतेम उघडते. त्या फटीत थर साचला की हवा कमी पडते. मग ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, बटरफ्लाय थोडी जास्त उघडून भागवतो आणि तो हिशेब लक्षात ठेवतो.

काम सकाळीच केलं, इंजिन गार असताना, अंगणात मोकळ्या हवेत, कारण क्लीनरचा स्प्रे लवकर पेट घेतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग एअर फिल्टरपासूनचा पाइप, कनेक्टर आणि बोल्ट काढून बॉडी हातात घेतली. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारायचा, थेट आत ओतायचा नाही. तो शाफ्टमधून सेन्सरपर्यंत गेला तर नवीन दुखणं. स्क्रूड्रायव्हरने खरवडणं तर नकोच, काही बॉडींना आतून लेप असतो. बटरफ्लाय उघडायची तर हलक्या बोटाने, आणि वायर जोडलेली असताना कधीच नाही. आत मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात.

शेजारचा मुलगा उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘‘काकाजी, बॅटरी काढली ना, मग ईसीयूची मेमरी रीसेट होऊनच जाते.’’

‘‘काही गाड्यांत होते रे, सगळ्यांत नाही.’’

लोक साफसफाईला महत्त्व देतात, मला मात्र यापुढचा अर्धा तास जास्त मोलाचा वाटतो. बॉडी स्वच्छ झाली तरी ईसीयू जुन्याच हिशेबाने बटरफ्लाय जास्त उघडतो. त्यामुळे गाडी सुरू करताच आरपीएम १४०० ला जाऊन बसतो. लोक घाबरतात, ‘बिघडवली’ म्हणतात. बिघडलेलं काही नसतं, ईसीयूला नव्याने शिकायला वेळ द्यावा लागतो.

सगळं परत जोडल्यावर आमच्या गाडीत मी असं केलं: स्टार्ट न करता किल्ली ऑन करून थोडं थांबलो, बंद केली, पुन्हा ऑन केली. मग अॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट. एसी, लाइट, पंखा सगळं बंद. रेडिएटरचा फॅन सुरू होऊन थांबेपर्यंत गाडी तशीच उभी. त्यानंतर एसी लावून पुन्हा आयडलवर ठेवली, कारण कॉम्प्रेसरच्या ओझ्याचा हिशेबही त्याला शिकायचा असतो. नागपूरकरांनी ही पायरी अजिबात गाळू नये. क्रम गाडीगणिक बदलतो, काहींना स्कॅनरच लागतो, तेव्हा आपल्या मॉडेलची पद्धत आधी वाचून घ्या.

माझ्याकडे साधा ओबीडी स्कॅनर आहे, गाडीला जोडला की ईसीयूतले आकडे दाखवतो. आयडलला थ्रॉटलचा टक्का आधीपेक्षा कमी दिसला, आरपीएम ७५० च्या आसपास स्थिरावला, तेव्हाच मी बॉनेट लावलं.

एवढं करूनही सुई वरखाली होत राहिली, तर पुन्हा स्प्रे मारू नका. इनटेक पाइपची क्लिप नीट आवळली आहे का आणि जोडातलं गॅस्केट (हवा रोखणारी सील) जागेवर बसलं आहे का, ते बघा. तिथून चोरून आत जाणारी हवा आयडल बसू देत नाही.