अडीच मिनिटांची मॅच, आणि स्क्रू कोण फिरवतं?

शाळेच्या रोबोटिक्स संघाला खेळाचा दर्जा द्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: यात घाम कुठे गाळावा लागतो? घाम हीच कसोटी असेल तर नेमबाजी ऑलिंपिकमधून काढावी लागेल, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली बुद्धिबळाला दिलेली मान्यताही परत घ्यावी लागेल. तेव्हा घामाचं राहू द्या. मैदानात काय होतं ते बघू.

अमेरिकेत १९९२ साली २८ संघांनिशी सुरू झालेली फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन ही शाळकरी संघांची स्पर्धा घ्या. तीन संघांचे तीन रोबो एका बाजूला, दुसऱ्या तीन संघांचे तीन समोर, आणि मॅच साधारण अडीच मिनिटांची. सुरुवातीची पंधरा-वीस सेकंदं रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढे ड्रायव्हर. साखळी फेरीत सकाळचा जोडीदार दुपारी समोर उभा असतो. आघाडी इथेही गरजेपुरतीच. बंपर आणि बॅटरी धरून पन्नास किलोंच्या वरची यंत्रं एकमेकांवर आदळतात, म्हणून फोम आणि वर जाड कापड असे बंपर लावणं सक्तीचं आहे.

हरण्याची कारणं मात्र फार साधी असतात. बॅटरी १२ व्होल्टची, लेड-ॲसिड. चाकांच्या चारही मोटर एकदम जोर लावतात तेव्हा व्होल्टेज कोसळतं. ते सातच्या खाली घसरलं की कंट्रोलर, म्हणजे रोबोचा संगणक, स्वतःला वाचवायला मोटरचा पुरवठा तोडू लागतो आणि रोबो आचके देत चालतो. प्रेक्षकांना वाटतं, ड्रायव्हर कच्चा आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, सैल असतो. बोटांनी फिरवून बघा: जरासा हलला तरी तो सैलच, पाना घेऊन आवळा. दुसरं दुखणं रेडिओचं, म्हणजे ड्रायव्हरचे आदेश रोबोपर्यंत पोचवणाऱ्या बिनतारी यंत्राचं. त्याच्या पॉवरची पिन धडकेत क्षणभर निसटली तरी रेडिओ पुन्हा चालू होऊन जोडला जाईपर्यंत मॅचचा मोठा तुकडा गेलेला असतो. वायर पिनच्या अगदी जवळ झिप टायने, म्हणजे प्लास्टिकच्या बंधपट्टीने, बांधली की हे टळतं. दोन मॅचमध्ये कधीकधी दहा मिनिटंही मिळत नाहीत. तेवढ्यात बॅटरी बदलणं, चेन तपासणं, वाकलेला ब्रॅकेट काढणं हे सगळं पिटमधल्या, म्हणजे दुरुस्तीच्या जागेतल्या, मुलांना न बोलता जमावं लागतं. ते सरावानेच येतं.

ड्रायव्हरचंही तेच. शेवटच्या रात्रीपर्यंत कोड लिहीत बसलेला संघ, आठवडाभर आधी रोबो पूर्ण करून रोज दोन तास चालवणाऱ्या संघापुढे सहसा टिकत नाही, मग पहिल्याचं डिझाइन कितीही देखणं असो. गॅलरीत सहा रोबोंवर सहा मुलं डोळा ठेवून नोंदी करत असतात, कारण बाद फेरीसाठी जोडीदार निवडताना त्याच कामी येतात. याला खेळ नाही तर काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शालेय खेळांचा कारभार पाहणारी संस्था २०१२ पासून रोबोटिक्सची राज्य अजिंक्यपद स्पर्धा भरवते. दर्जाचा खरा फायदा ट्रॉफीत नाही. स्पर्धेला जायला बस, प्रशिक्षकाला मानधन, हजेरीत सूट, शाळा सुटल्यावर वर्कशॉपची किल्ली: फुटबॉल संघाला हे न मागता मिळतं, रोबोटिक्सवाल्यांना प्रत्येक वेळी अर्ज करावा लागतो.

पण खेळाचे नियम जसेच्या तसे चिकटवले तर घोळ होईल. हंगामाबाहेर सरावबंदी लावली तर प्रोग्रामिंग शिकायचं कधी? निवड चाचणीत मुलं गाळली तर नवशिक्यांचा रस्ताच बंद. मला सर्वांत अवघड वाटतो तो मोठ्यांचा प्रश्न. फुटबॉलचा प्रशिक्षक गोल मारायला मैदानात उतरत नाही. इथे मार्गदर्शक इंजिनिअरने गिअरबॉक्स बनवला तर नियम अडवत नाहीत. मुलांनी मोठ्यांच्या खांद्याला खांदा लावून शिकावं हा त्यामागचा हेतू, आणि तो चुकीचा नाही. पण खेळाडूचा मान हवा असेल तर खेळणारा विद्यार्थीच हवा. तपासायला समिती नको. पिटमध्ये जा, कोणत्याही एका मुलीला किंवा मुलाला सांगा, ‘ही मोटर काढून दुसरी बसव.’ कोणता पाना लागतो हे विचारायला तिची किंवा त्याची नजर सरांकडे वळते का, एवढंच बघा.