आमची वाटचाल: आधी पाडलं, मग बांधलं

२००९ साली पुण्यात कोथरूडला, सासऱ्यांच्या स्कूटरच्या जागेत आम्ही इंटिरियरच्या कामांचं ऑफिस थाटलं. आम्ही म्हणजे मी, एक ड्राफ्ट्समन आणि राजस्थानचे एक सुतारमिस्त्री. पहिली चार वर्षं दाताचे दवाखाने, सीएंची ऑफिसं, एका क्लासची बाकडी. प्लाय आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला मीच जायचे. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उधारी वसूल करायला शिकले, एवढंच.

२०१३ मध्ये बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ६० माणसांचं काम मिळालं. मालकांची अट एकच, "माणसं एकमेकांशी बोलली पाहिजेत. केबिनी नकोत." मलाही तेव्हा तेच वारं लागलेलं. केबिनी पाडल्या, लांबलचक टेबलं मांडली, फॉल्स सीलिंग काढून वरचे डक्ट काळे रंगवले. फोटो सुरेख आले.

चार महिन्यांनी राहिलेलं बिल आणायला गेले तर आत शुकशुकाट. सगळे जागेवर होते, पण जो तो कानांवर हेडफोन चढवून बसलेला. शेजारी शेजारच्याला मेसेज पाठवत होता. अकाउंट्सच्या मॅडम पगाराचं काही बोलायचं असलं की जिन्यात जायच्या. मालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, भिंती पाडायचे पैसे घेतलेत. आता बांधायचे किती घ्याल?" बिल दिलं त्यांनी. पुढचं काम मात्र दुसऱ्याला गेलं.

काच, व्हिट्रिफाइड टाइल आणि उघडा स्लॅब आवाज शोषून घेत नाहीत, परत फेकतात. एकाचा फोन सगळ्या हॉलला ऐकू जातो, आणि आपलं सगळ्यांना ऐकू जातंय म्हटल्यावर माणूस तोंड मिटतो. २०१८ मध्ये हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी, दोन कंपन्या खुल्या मांडणीत गेल्या तेव्हा कर्मचाऱ्यांच्या अंगावर यंत्रं लावून हेच मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. मला हे पाच वर्षं आधीच कळलं होतं, फी भरून.

मी लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहिले. तिथे गप्पा रंगायच्या त्या चौकातल्या नळावर, कारण बादली भरेपर्यंत थांबावंच लागे. आणि खाजगी काही असलं तर माजघराचं दार लावता येई. ऑफिसला दोन्ही लागतं हे ध्यानात यायला मला बाणेर घडावं लागलं.

दार लावायच्या खोलीतही एकदा फसलो. एका ऑफिसात एचआरची केबिन फॉल्स सीलिंगपर्यंतच बांधली. वरच्या पोकळीतून आवाज पलीकडे. एकाच्या राजीनाम्याची बोलणी शेजारच्या मीटिंगमध्ये शब्दन् शब्द ऐकू आली. तेव्हापासून जिप्समची भिंत थेट स्लॅबला भिडवतो, आत आवाज शोषणारं रॉकवुल भरतो. वर्कस्टेशनचं पार्टिशन मात्र ४८ इंचांवरून ४२ वर आणलं. बसल्या बसल्या समोरच्याचा चेहरा दिसतो, स्क्रीन दिसत नाही.

२०२० मध्ये काम ठप्प. नंतर काही महिने अ‍ॅक्रिलिकच्या काचा बसवत फिरलो, म्हणजे पुन्हा भिंतीच.

सगळ्यात समाधान दिलं ते भोसरीच्या एका कारखान्याच्या कामाने. डिझाइनची मुलं वर, शॉपफ्लोअरचे सुपरवायझर खाली, आणि ड्रॉइंगमधली चूक जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कापल्यावर कळायची. अमेरिकेतल्या एमआयटीचे टॉमस अ‍ॅलन यांनी फार पूर्वी इंजिनिअरांवर अभ्यास केला होता: अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, ५० मीटरच्या पुढे तर जवळजवळ बंदच. इथे मध्ये जिनाही होता. वरची-खालची दोन्ही चहाची यंत्रं काढून जिन्याच्या पायथ्याशी एकच ठेवू या, असं मी सुचवलं. मालकांना पटेना. "सगळे तिथेच उभे राहतील हो!" म्हटलं, तेच तर हवंय. उभं राहून टेकता येईल असा काउंटर केला, मागच्या भिंतीवर ड्रॉइंग लावायला मऊ बोर्ड.

आठवड्यात फोन आला. मला वाटलं, कौतुक असेल. "मॅडम, जिन्यापाशी इतकी गर्दी होते की वर जायला वाट उरत नाही."

मिस्त्रींना पाठवून काउंटर दोन फूट मागे घेतला. त्याचे पैसे लावले नाहीत.